आधी बोट ठेवा

दंतवैद्यकीच्या कॉलेजात मिळालेली जागा घ्यायची की सोडायची, हे संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं आणि माझ्याखेरीज घरातल्या सगळ्यांचं ठरलेलं होतं. बाबा म्हणत, माणसं खातात तोवर दात किडतात, या कामाला मरण नाही. आई म्हणे, मावशीचा आयता दवाखाना आहे. दुसऱ्याच्या तोंडात जन्मभर हात घालायची मला हौस आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. मला नाही म्हणायचं होतं. त्यासाठी एक धड कारण शोधायला मी सकाळीच मावशीचा दवाखाना गाठला.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे बघावं," स्वतःच्या पोटावर हात फिरवत मावशी म्हणाली. "चिमे, कोपऱ्यात उभी राहा. पेशंट खुर्चीत असताना ब्र काढायचा नाही. त्याचा जीव आधीच मुठीत असतो."

पहिला पेशंट शाळेच्या बसचा ड्रायव्हर, दारातून तिरका शिरावा एवढा माणूस. बाहेर मीच त्याला पाणी दिलं होतं. मान डावीकडे कलती करून, उजव्या गालाला थेंब लागू न देता तो पीत होता. आत येऊन खुर्चीत बसला आणि त्याने डोळे गच्च मिटले.

मावशी नेहमी खुर्चीच्या मागून काम करते. आज मला दिसावं म्हणून ती समोर आली. "हे बघ, समोरून पाहिलं की त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं. पहिल्या वर्षी सगळे इथेच गडबडतात." शिकवायची तिला भारी हौस. बोलता बोलताच तिने सुई दिली, थोडं थांबली, ओठ जड झाला का विचारलं. त्याने मान हलवली. तिने पक्कड उचलली.

पक्कड माझ्या उजव्या हाताला निघाली. म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला. की माझंच डावं-उजवं चुकत होतं? नुकतंच ऐकलेलं, ते तरी मला नीट कळलं होतं का? चुकीची ठरले असते तर मावशीने सोलून काढलं असतं. पक्कड दाढेला लागली.

"मावशी, थांब."

तिने डोळे वटारले.

"ते पाणी डावीकडून पीत होते."

तिचा हात जागच्या जागी थांबला. पक्कड बाहेर काढून ती त्याला म्हणाली, "दुखणाऱ्या दाढेवर स्वतःचं बोट ठेवा." सुई देण्याआधी ती प्रत्येकाला हे सांगते. आज शिकवण्याच्या नादात राहून गेलं होतं.

त्याने बोट ठेवलं. उजवीकडे.

डाव्या दाढेवरही एक काळा ठिपका होता. हिचीही तपासणी करत होते, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. खरं सांगते, तिने थाप मारावी असंच मला वाटलं. माझी मावशी होती ती.

तिने मास्क खाली ओढला. "माझी चूक झाली. चुकीच्या बाजूला सुई दिली. हिने थांबवलं नसतं तर चांगली दाढ गेली असती. आता लगेच दुसरी बाजू बधिर केली तर जीभ चावली तरी तुम्हाला कळायचं नाही. ही बधिरता उतरेपर्यंत थांबा, नाहीतर मी दुसऱ्या डॉक्टरांना फोन करते."

"मला वाटलं, तुम्ही लांबून वळसा घेताय," तो जड ओठाने म्हणाला. कुणी हसलं नाही. मुलांना आणायची वेळ झाली म्हणत तो उठला आणि मागे न बघता गेला.

मावशी बराच वेळ हात धूत राहिली. "नाही म्हणायला कारण हवं होतं ना तुला?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मिळालं. घे."

मला तिचा राग आला होता आणि तिची कीवही येत होती. दुपारी दोघींनी डबे उघडले नाहीत. आलेल्या प्रत्येकाकडून ती आधी बोट ठेवून घेत होती. मी दाराकडे बघत होते. तो परत आला नाही तर बाबांना काय सांगायचं, ते माझं ठरलं होतं.

पाचाला थोडा वेळ उरला असताना दार उघडलं. ड्रायव्हरच होता.

"दुखतंय फार," तो म्हणाला. "आणि इथे चूक झाली तर निदान सांगतात तरी." खुर्चीत बसून त्याने न सांगताच उजव्या दाढेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हीपण बघा."

मावशीने मला हातमोजे दिले, थुंकी ओढायची नळी हातात दिली. सुई देण्याआधी विचारलं, "कुठली?"

"त्यांची उजवी."

"नक्की?"

मी वाकून पुन्हा त्या तोंडात पाहिलं. "नक्की."

ओठ जड झाला. मावशीने पक्कड घेतली. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. मावशीने कोपराने स्पीकर लावला.

"पाच वाजत आले," बाबा म्हणाले. "हो की नाही, एकदाचं सांग."

ड्रायव्हरने या वेळी डोळे मिटले नव्हते. तो माझ्याकडेच बघत होता.

"हो," मी म्हणाले. "आणि फोन ठेवा बाबा, पेशंट खुर्चीत आहे."