दीड बोट

निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. अंकुशच्या तोंडात दीडच जात होतं. वीस वर्षं गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरल्याचं ते फळ. सोमवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात कॅन्सरमुळे त्याचा डावा जबडा काढणार होते. पुढे बोलता येईल की नाही, हेही डॉक्टर नक्की सांगत नव्हते. हे ठाऊक होतं ते एकट्या मंजुषाला, त्याच्या बायकोला.

आज शनिवार. वर्ध्याच्या नाट्यस्पर्धेत दुपारी कैलासचं विनोदी नाटक होतं. पंचवीस वर्षांनी पुन्हा जमलेल्या, गावाजवळच्या धाम नदीचं नाव घेतलेल्या ‘धाम’ या रॉक बँडची गोष्ट. कॉलेजातला हा बँड खराच होता. कैलास गिटारवर, अंकुश गायक. नाटकातही दोघं स्वतःच्याच भूमिकेत. गिटारची तार तुटते, ड्रमवर बकरी चढते, लोक हसून बेजार होतात. शेवटी गायक जुनं गाणं म्हणतो आणि हसू थांबतं.

तालमीत कैलासनं सांगून टाकलं होतं, “तू नुसते ओठ हालवजो. जुनी कॅसेट लावू. तुह्या तोंडात आता माशी तरी जाते काय बे?”

अंकुश तेव्हा हसला होता. पण पडदा उघडण्याआधी तो साउंड सांभाळणाऱ्या आचलकडे गेला.

“कॅसेट नको लावू, ताई. मीच म्हणतो.”

“कैलासभाऊ चिडतीन ना!”

“चिडू दे. एकडाव म्हणू दे मले.”

शेवटचा प्रवेश आला. कैलासनं गिटार छेडली, कॅसेटची वाट पाहिली. ती लागली नाही. अंकुशनं सुरुवात केली. “थांब जरासं, धामच्या पाण्या...” सूर बरोबर होता. शब्द मात्र दातांमागे चेंगरून येत होते, ‘आ’चा ‘ऊ’ होत होता. तिसऱ्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळं सभागृह हसलं. शिट्ट्या आल्या. अंकुश थांबला नाही. दोन्ही कडवी त्यानं पूर्ण म्हटली. पहिल्या रांगेत मंजुषा तेवढी मान खाली घालून बसली होती.

नाटक पहिलं आलं. मेकअपच्या खोलीत कैलासनं त्याला मिठी मारली.

“काय डोकं चालवलं राजा! माह्या शेवटापेक्षा तुहाच भारी. नागपूरच्या फायनलले हाच ठेवू. सोमवारपासून तालीम.”

“सोमवारी मले नाई जमत.”

“काऊन?”

अंकुशनं मंजुषाकडे पाहिलं. ती त्याचा शर्ट घडी करत होती. घडी मोडून तिनं पुन्हा घातली.

“नागपूरले माह्या जागी तू उभा राह्यजो,” अंकुश म्हणाला. “पण तोंड दीड बोटच उघडजो. जास्त उघडलं तर लोकं हसनार नाईत.”

कैलास खो खो हसला. खिशातून पेन काढून त्यानं संहितेच्या शेवटच्या पानावर, समासात, लिहून घेतलं : दीड बोट.