उजेड पायावर

मी बॅटरी बोलतेय. शिकलेली माणसं मला टॉर्च म्हणतात, पण आमच्या भूम गावात बॅटरी म्हटल्याशिवाय कुणी ओळखत नाही. तीन सेलची, लांबोडकी, अंगाला चकचकीत पाणी दिलेली. ते पाणी आता बरंच उडालंय आणि काचेला एक चीर गेलीय. चीर कशी गेली तेच तुम्हांला सांगायचंय. बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार काही नाही, अंधारात उभं राहण्याचं काम आमचं.

मला घेतलं येरमाळ्याच्या यात्रेत. कंगवे, शिट्ट्या, आरसे यांच्या गर्दीत मी उताणी पडले होते. दादामियाँनी उचललं, सेल घालून बटन दाबलं आणि पहिला उजेड पाडला तो स्वतःच्या चपलेवर. दुकानदार म्हणाला, "चाचा, लांब मारून बघा की, पार देवळाच्या पायरीपस्तोर जातोय." दादामियाँ म्हणाले, "मला लांब काय करायचंय? पायापुरता पडला की बास."

दादामियाँ म्हणजे आमच्या टॉकीजचे डोअरकीपर. तिकीट फाडायचं, दाराचा पडदा बाजूला करायचा आणि उशिरा आलेल्यांना खुर्चीपर्यंत न्यायचं. त्यांचा एकच कायदा होता, उजेड पायावर मारायचा, तोंडावर नाही. एवढ्या वर्षांत कुणाचा पाय मुरगळू दिला नाही मी. खुर्चीखाली झोपलेली पोरं शोधली, हरवलेली पैंजणं शोधली, एकदा तर एका म्हाताऱ्याची कवळी शोधली. पण तोंड म्हणाल तर मी कुणाचंच पाहिलं नव्हतं. मी माणसं ओळखायची ती चपलांवरून.

बाजाराच्या दिवशीचा तीनचा खेळ हा बायकांचा. आसपासच्या गावांतल्या बायका भल्या सकाळी मेथी-शेपू घेऊन यायच्या, दुपारपर्यंत माल संपवायच्या आणि रिकाम्या पाट्या दादामियाँच्या स्टुलाशेजारी रचून आत जाऊन बसायच्या. घरी काय सांगायचं तेही ठरलेलं, गाडी हुकली. पाट्यांचा ढीग स्टुलाच्या वर गेला की दादामियाँ खूश असायचे.

त्यांतली एक सत्यभामा. करकर वाजणाऱ्या चपला, टाचेला भेगा, आणि बसायची ती कायम बंद पंख्याखालच्या कोपऱ्यात, कारण तिथं दुसरं कुणी बसत नसे. पडद्यावर दुःखाचा प्रसंग आला की ती रडायची. आधी नुसता श्वास अडकल्यासारखा आवाज, मग दोन बारके हुंदके आणि मागून एक लांबलचक. एकदा इंटरव्हलला तिची मैत्रीण अयोध्या तिला म्हणाली, "अगं बये, खोटं असतंय ते सगळं. कशाला एवढी रडतीस?"

सत्यभामा म्हणाली, "घरी रडलं की धा जणं इचारतेत, काय झालं म्हणून. इथं कुणी इचारत न्हाय."

मी तेव्हा दादामियाँच्या काखेत होते. त्यांनी ऐकलं, मीही ऐकलं.

मग काही पोरं यायला लागली. क्लास बुडवून, एका मोटारसायकलवर तिघं तिघं. मिशी फुटू का नको अशा वयाची. जाहिराती संपून अंधार झाला की धडाधडा आत शिरायची, इंटरव्हलला बाहेर पळायची आणि खेळ सुटायच्या आधीच पसार व्हायची. पुढच्या खुर्चीवर पाय, तोंडात शिट्टी, हातात मोबाइल. हल्ली प्रत्येकाच्या खिशात उजेड असतो, बघा. असू द्या, माझी काही तक्रार नाही, पण तो हिरॉइनच्या नाकावर गोल गोल फिरवायला दिलेला नसतो. एवढं मेलं कळायला नको?

त्यांचा म्होरक्या दिग्विजय. सगळे दिग्या म्हणायचे. लाल पट्ट्याचे बूट, एका बुटाची नाडी कायम सुटलेली. पोराचा गळा मात्र भारी होता. कुणाचाही आवाज काढायचा. लवकरच त्यानं बंद पंख्याखालचा हुंदका उचलला. तिकडून खरा हुंदका आला की इकडून हा तस्साच काढायचा, दोन बारके आणि एक लांबलचक. सगळी टॉकीज खदाखदा हसायची. पोरांनी त्या कोपऱ्यातल्या बाईचं नावच पाडलं, रडकी.

बाया लाजल्या. आधी रडायच्या थांबल्या, मग यायच्या थांबल्या. स्टुलाशेजारचा ढीग उतरत उतरत गुडघ्याएवढा राहिला. सत्यभामा मात्र येत राहिली. पदराचा बोळा तोंडात कोंबून बसायची. तरी तो शेवटचा लांबलचक हुंदका निसटायचाच.

एके दिवशी मालक हिंमतराव दारात येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण खुर्च्या रिकाम्या दिसल्या की त्यांचं डोकं फिरायचं. म्हणाले, "दादामियाँ, ही पोरं आवरा. पुढच्या बाजाराला बी असंच झालं तर तीनचा खेळ बंद करतो. अन् तीनचा खेळ बंद म्हटल्यावर तुमचं बी काम ऱ्हात न्हाय, आधीच सांगतो. त्या बॅटरीचा काय उपयोग? मारा की एकेकाच्या थोबाडावर, लाजून पळत्यात का न्हाय बघा."

दादामियाँ म्हणाले, "मालक, तोंडावर मारलेला उजेड एकट्या त्याच्यावर पडत न्हाय. आजूबाजूला बी पडतो. अंधारात माणूस तोंड सैल सोडून बसलेला असतो. ते आपण बघू नये."

"मग बसा अंधारात," असं म्हणून हिंमतराव गेले.

खरं सांगू, त्या आठवड्यात दादामियाँ मला उगाचच पुसत बसायचे. त्यांना दुसरं काम येत नव्हतं आणि या वयात कुणी दिलंही नसतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पुढचा बाजार आला. पाट्या मोजक्याच. पोरं नेहमीसारखी आली आणि पहिल्याच गाण्याला शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतली. दादामियाँनी जाऊन दिग्विजयचं मनगट धरलं. त्याला वाटलं, आता बाहेर. पण दादामियाँ पोराला कधी बाहेर काढत नसत. त्यांची पद्धत निराळी होती. ते त्याला आपल्या स्टुलावर आणून बसवायचे. ते स्टूल असं की सिनेमाचा पडदा पाठीमागं येतो आणि समोर नुसती माणसं दिसतात.

"बेटा, माझा गुडघा आज लई दुखतोय," दादामियाँ म्हणाले. "आजचा खेळ तू सांभाळ. ही घे बॅटरी. उजेड पायावर मारायचा, ध्यानात ठेव."

दिग्विजयचा हात घामट होता. पण खोटं कशाला बोलू, पोरानं काम बरं केलं. उशिरा आलेल्या एका म्हातारीला अगदी पायरी पायरीनं नेऊन बसवलं. "लई गुणाचं लेकरू हाय," म्हातारी म्हणाली, तेव्हा त्यानं मला जरा नीट धरलं. मला वाटलं, जमलं बाई दादामियाँचं.

तेवढ्यात पडद्यावर एका म्हातारीनं लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले. बंद पंख्याखालून श्वास अडकल्यासारखा आवाज आला. मग दोन बारके हुंदके. आणि मागून, पदराच्या बोळ्यालाही न जुमानता, तो लांबलचक.

मागून पोरं ओरडली, "ए, बॅटरी हाय ना हातात? मार तोंडावर! बघू तर दे, रडकी कोण हाय ती."

दादामियाँ झटकन उठले, पण पोराचा हात त्यांच्या आधी उठला. माझा उजेड जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर पडला.

बाईचं तोंड रडून सुजलं होतं. पदर दातांत, कपाळावरचं कुंकू फिसकटलेलं. उजेडानं दिपून तिनं डोळे गच्च मिटले आणि आडवा हात धरला. उजेडामागं कोण आहे ते तिला दिसणं शक्यच नव्हतं.

ती म्हणाली, "दादामियाँ, उजेड काढा की. तुमी तरी असं करू नका."

दिग्विजयच्या हातातून मी सुटले. फरशीवर आपटले, काच तडकली आणि विझले. मागच्या रांगेतला मुजफ्फर एकदम गप झाला. तो दिग्विजयच्या शेजारच्याच घरात वाढलेला, त्यानं ते तोंड ओळखलं होतं. आणखी एकजण खिदळला, तर मुजफ्फर त्याला दबक्या आवाजात म्हणाला, "गप रे. दिग्याची आई हाय."

मग त्या रांगेतून शिट्टी आली नाही.

दादामियाँनी मला चाचपडत उचललं आणि पोराला दाराच्या पडद्याच्या आडोशाला नेलं. तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "चाचा, आई घरी गाडी हुकली म्हणायची. मी बी घरी तेच सांगायचो."

दादामियाँनी माझी तडकलेली काच सदऱ्याला पुसली.

"आजी गेली ना आमची, आईची आई. तवा सोयाबीनची रास चालू होती. आई माती देऊन आली अन् तशीच खळ्यावर गेली. रडलीच न्हाय. मला राग आलता तिचा. म्या तिला कधी रडताना ऐकलंच न्हाय, चाचा. म्हणून तर वळखलं न्हाय."

दादामियाँनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आता बाहेर जाऊ नको. दिसशील तिला," एवढंच म्हणाले.

खेळ सुटला. सत्यभामा पाटी घ्यायला आली, पण दादामियाँकडे बघेना. करकर करत त्या चपला आल्या आणि तशाच निघाल्या. दादामियाँ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ताई, चुकलं माझं. हात हलला. परत असं व्हायचं न्हाय."

सत्यभामा पाटी कमरेला लावून थोडी थांबली. "तुमच्याकडनं व्हईल असं वाटलं नव्हतं, भाऊ, म्हणून लागलं. आजपस्तोर दुसरीकडं कुठं मी अशी बसले न्हाय."

"मला ठावं हाय," दादामियाँ म्हणाले.

पडद्याच्या आडोशाला एक पोरगं ओठ दातांत दाबून हे ऐकत होतं. स्वतःची चूक दुसऱ्यानं हात जोडून आपल्या अंगावर घेतलेली ऐकणं सोपं नसतं. त्याचे लाल पट्ट्याचे बूट एकमेकांवर चढून बसले होते.

त्यानंतरच्या बाजाराला दिग्विजय पोरांच्या आधी आला आणि अंधार होईपर्यंत तिकीट-खिडकीमागं लपून राहिला. अंधार झाल्यावर स्टुलावर येऊन बसला आणि हात पुढं केला. दादामियाँनी मला त्याच्या हातात दिलं. कुठलीशी नवीन पोरं त्या दिवशी आली होती. त्यांतल्या एकानं खुर्चीवर पाय टाकून शिट्टी घातली. दिग्विजय तिथं गेला, उजेड त्याच्या चपलेवर पाडला आणि बारीक आवाजात म्हणाला, "पाय खाली घे, भावा. बायका बसल्यात." त्यानं पाय खाली घेतला.

हिंमतरावांनी तीनचा खेळ दिवाळीपर्यंत ठेवलाय. पाट्या हळूहळू वाढतायत. पुढचं मला ठाऊक नाही. दादामियाँचा गुडघा आता खरोखरच दुखतो, आणि माझं बटन दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. चिरेमुळं माझ्या उजेडात एक काळी रेघ पडते. ती रेघ पायांवर पडली तरी कुणाचं अडत नाही.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. अंधारात शेजारी कुणी रडलं, तर तिकडं उजेड नेऊ नका. तो आवाज तुमच्या ओळखीचा नाही, याचा अर्थ ते माणूस तुमचं नाही असा होत नाही.

परवाच्या बाजाराला सत्यभामा पाटी घेता घेता दादामियाँना म्हणाली, "हल्ली पोरं गप असतेत, भाऊ."

"व्हय," दादामियाँ म्हणाले, "मोठी व्हायलीत."

मी पडद्याआड दिग्विजयच्या मुठीत होते, विझलेली. त्या करकर वाजणाऱ्या चपला पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत त्यानं मूठ सोडली नाही.