ओडीलचा नवस

ऑस्ट्रियातल्या त्या डोंगरी गावातला सेलेस्ट रोबिशोचा तो पहिलाच रविवार. मिस्सा संपवून ती चर्चच्या पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात एका म्हातारीने तिचा हात घट्ट धरला. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पडदा आला होता. मोकळ्या हाताने तिने सेलेस्टचं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, हनुवटीवरच्या खळीत अंगठा टेकवला, आणि एकदम हसली.

"ओडील! आलीस होय गं! तीन वर्षं वाट बघायला लावलीस कार्टे!"

ओडील म्हणजे सेलेस्टची थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी तीही अमेरिकेहून याच गावी एक सत्र शिकायला आली होती. कॉलेजने इथला जुना मठ भाड्याने घेतला होता, वर्ग आणि वसतिगृह त्यातच भरायचं. ओडील परत गेली ती या गावाच्या गोष्टी घेऊनच. मठाच्या भटारखान्यात तीस वर्षं पोरांना रांधून घालणारी हिंटरेगरबाई, जिला सगळे ओमा म्हणजे आजी म्हणत, ती त्या गोष्टींत कायम असायची. हात धरणारी म्हातारी तीच. आणि गेल्या नोव्हेंबरात ओडील वारली. इथे कुणी कळवलंच नव्हतं.

सेलेस्टने सांगायला तोंड उघडलं. पण गेल्या दहा महिन्यांत तिच्या घरी ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. घेतलंच तर जड भांडं खाली ठेवावं तसं. आणि इथे एक बाई तेच नाव आनंदाने ओरडून घेत होती.

"हो ओमा," सेलेस्ट म्हणाली. "आले."

दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा होता, की फोनवर आईसुद्धा फसायची.

त्यानंतर दर गुरुवारी ती ओमाकडे जाऊ लागली. कधीतरी खरं सांगायचं ठरवूनच जायची. ओमा चर्चमागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. चुलीशेजारच्या बाकावर तिला बसवायची, वाटीभर गरम सूप पुढे ठेवायची आणि बोलत सुटायची.

"तुला आठवतं, त्या जाड्या फादरच्या टोपीत तू अंडी लपवली होतीस?"

"आठवतं की."

"आणि कॉफीत साखर घातली म्हणून माझ्यावर केवढी उखडलीस!"

सेलेस्टला कॉफी गोडच लागायची. त्या दिवसापासून ती कोरी, कडू पिऊ लागली. आधी ओमाकडे, मग सगळीकडेच. आपलं हसू पहिल्यासारखं राहिलं नाही, हे तिचं तिलाच जाणवलं. घशात खोल कुठेतरी सुरू होऊन नाकातून बाहेर पडणारं ते हसू ओडीलचं होतं. ती दचकून थांबायची. पण पुढच्या वेळी पुन्हा तेच.

तिच्या खोलीत नेब्रास्काची लिडिया कुचेरा राहायची. शेतकऱ्याघरची धिप्पाड मुलगी, जीभ तिखट. ऑक्टोबरात एकदा ती कपडे धुण्याच्या यंत्राची नोंदवही घेऊनच खोलीत आली.

"ही ओडील कोण गं? आपल्या खोलीच्या नंबरासमोर तीनदा सही केलीय हिने."

सेलेस्टने पाहिलं. अक्षर तिचंच होतं. सही केल्याचं तिला अजिबात आठवत नव्हतं.

"चुकून केली असेल कुणीतरी."

"आणि चालतेस कशी हल्ली? डावी टाच फरफटतेस. बूट लागतो का?"

लहानपणी झाडावरून पडल्यापासून डावी टाच घासत चालायची ती ओडील.

त्याच आठवड्यात ओमाने विचारलं, "तुझी धाकटी कशी आहे? जगली ना ती?"

सेलेस्टच्या हातातला चमचा तसाच राहिला. "कोण?"

"अगं कोण काय? मेंदूला सूज येऊन पडली होती ना ती, न्यू ऑर्लिन्सच्या इस्पितळात. तुझ्या बापाचा फोन आला, तेव्हा याच बाकावर बसून ओक्साबोक्शी रडलीस. नवस बोललीस मारियामातेला, की पोर वाचली तर इथून मारियात्सेलच्या तुझ्या देवळापर्यंत पायी येईन. मीच साक्षीला होते."

आपल्या आजारपणाचं सेलेस्टला माहीत होतं. नवसाचं मात्र ओडील कधी चुकूनही बोलली नव्हती.

"वाचली," ती कशीबशी म्हणाली. "पण मी गेले नाही."

"कशी जाणार? खिंडीत कमरेएवढा बर्फ पडला, आणि पुढच्या आठवड्यात तुझं विमान. दर नाताळाच्या पत्रात लिहायचीस, येते आणि फेडते म्हणून. गेल्या नाताळात पत्रच नाही आलं. मला वाटलं, विसरली." ओमाने चाचपडत तिचा गुडघा थोपटला. "आता आलीयेस तर फेडून टाक बाई. बोललेलं असं अर्धवट ठेवू नये."

सेलेस्ट मठात परतली. ओडीलने तिच्यासाठी शब्द दिला होता आणि तो पुरा न करता ती मेली होती. शिवाय ती कुणापायी मेली, हे जगात एकट्या सेलेस्टला ठाऊक होतं.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. सेलेस्ट बॅटन रूजला कॉलेजात होती. एका पार्टीत ती नको इतकी प्याली, तिथल्या एका मुलाची तिला भीती वाटू लागली आणि तिने बहिणीला फोन केला. "ये ना गं, मला घेऊन जा. ममाला सांगू नकोस." ओडील लगेच निघाली. उसाचा हंगाम होता, पहाटेचं धुकं होतं, आणि वळणावर उसाने लादलेला ट्रक आडवा आला. ओडीलच्या फोनचा चक्काचूर झाला. ती त्या रस्त्याला कशाला गेली होती, असं ज्याने त्याने विचारलं. सेलेस्ट म्हणाली, मला काय माहीत, मी झोपले होते. मग गावानेच उत्तर शोधलं. बॅटन रूजला तिचा कुणीतरी होता म्हणे, लग्न झालेला. आई दुकानात जायची बंद झाली. सेलेस्ट आईशेजारी बसून हे सगळं ऐकत राहिली.

यंदाच्या एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, आईचा फोन आला. खाडीकाठच्या त्यांच्या गावात त्या दिवशी कबरींना चुना लावतात.

"ओडीलच्या कबरीला बाबांनी दोन हात दिले," आई म्हणाली. "छान पांढरी झालीय. तू जेवतेस ना नीट? तुझा आवाज... तुझा आवाज आज वेगळाच येतोय."

"लाइन खराब आहे, ममा."

दुसऱ्या दिवशी, मृतांच्या स्मरणदिनी, ती मारियात्सेलला पायी निघाली. लिडिया आपणहून बरोबर आली. "मला पाप फेडायला चालावंच लागतं कुठेतरी," ती म्हणाली, "आणि तुला एकटीला सोडलं तर तू त्या टाचेने दरीत जाशील."

पहिल्या दिवशी दोघी गप्पा मारत चालल्या. गावोगावच्या कबरींवर लाल काचेतले दिवे जळत होते. मुक्काम एका शेतघरात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीची चढण लागली आणि धुकं उतरलं. पाच पावलांपुढचं दिसेना. लिडिया मागे राहून धापा टाकत होती, अधूनमधून हाक मारत होती.

तेव्हा सेलेस्टला पुढून पावलं ऐकू आली. एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं खडीवर घासत होतं. नीट, मग घासत.

तिने आधी आपल्याच पायांकडे पाहिलं. ती उभी होती. पावलं चालतच होती.

ती भराभर निघाली. आवाजही तेवढाच पुढे सरकला. ती पळू लागली. खडी संपली, पायाखाली ओलं गवत आलं, तरी खडीवरची ती टाच ऐकू येतच होती, अगदी हाताच्या अंतरावर. "थांब ना गं," सेलेस्ट म्हणाली, "थांब, मी आलेय." तिने हात पुढे केला.

मागून पाठीवरची पिशवी कुणीतरी खेचली आणि ती आडवी पडली. धावत आलेली लिडिया तिच्या अंगावर कोसळली होती.

"आंधळी आहेस का?" लिडिया किंचाळली. "बघ! बघ तिकडे!"

हातभर पुढे गवत संपत होतं. खाली धुकंच धुकं, आणि कुठेतरी खोल पाण्याचा आवाज.

"कोणाच्या मागे पळत होतीस?"

"ओडीलच्या."

"कोण ओडील?"

सेलेस्टने तिथेच चिखलात बसून सगळं सांगितलं. ओमाचं, नोंदवहीतल्या सहीचं, आणि शेवटी त्या फोनचं. लिडियाने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. पिशवीतून संत्रं काढलं, दाताने सोललं आणि अर्धं तिच्या हातात दिलं.

"तुझा दोष नाही, असं मी म्हणावं असं वाटतंय का तुला?"

"नाही."

"बरं. मला काही ते ठरवता येत नाही. तू भ्यालीस, बहिणीला बोलावलंस, ती आली. माझी आली नसती, मेली आळशी आहे." लिडियाने नाक पुसलं. "पण गावभर तिची बेअब्रू झाली आणि तू गप्प बसलीस, ते तुझं आहे. ते काही त्या ट्रकने केलं नाही."

त्या दुपारी दोघी मारियात्सेलला पोचल्या. चांदीच्या जाळीआड लाकडाची हातभर मारिया जरीचा झगा घालून बसली होती. भिंतीभर लोकांनी नवस फेडताना वाहिलेली चित्रं होती. जळती घरं, उलटलेल्या घोडागाड्या, खाटेवरची पोरं, आणि वर कोपऱ्यात ढगातून बघणारी मारिया. सेलेस्टला वाटलं होतं, इथे आल्यावर काहीतरी होईल. रडू फुटेल, नाहीतर हलकं वाटेल. काहीच झालं नाही. मोजे ओले होते, भूक लागली होती. ती गुडघे टेकून बसली, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने बोलली. मग विनंत्यांच्या वहीत लिहिलं, "ओडील मेरी रोबिशो. तिचा नवस तिच्या बहिणीने फेडला. उशीर झाला."

परतताना बसमध्ये लिडिया घोरत होती. सेलेस्ट जागी होती आणि कान देऊन होती. पण बसच्या इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही.

ओमाकडे ती बाकावर बसली नाही, उभ्यानेच बोलली. "ओमा, मी ओडील नाही. तिची धाकटी बहीण. ओडील गेली, वर्ष होईल आता."

ओमाचा हात टेबलावर काहीतरी शोधत राहिला. मग तिने विचारलं, "आणि तू दर गुरुवारी येऊन बसलीस?"

"मला ते नाव ऐकायचं होतं."

"मी आंधळी म्हणून." म्हातारीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एका मेलेल्या पोरीला मी दोन महिने जेवू घातलं. तिच्यासाठी एक मेणबत्तीसुद्धा लावली नाही, कारण ती माझ्यासमोर बसून सूप पीत होती. जा तू. जा इथून."

सेलेस्ट बाहेर आली. मठाच्या भिंतीला टेकून तिने आईला फोन लावला. खोलीत जाऊन धीर गोळा करत बसली असती, तर तो कधीच झाला नसता. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"लोक काय काय बोलले तिला," आई म्हणाली. "आणि तू माझा हात धरून बसली होतीस, सेलेस्ट."

"हो, ममा."

"आज नको बोलूस माझ्याशी. उद्या फोन कर. करशील ना, पण?"

दुसऱ्या दिवशी फोन बापाने उचलला. कोळंबीची बोट सोडून तो घरीच थांबला होता. "ममा कबरीवर गेलीय," तो म्हणाला. "सकाळपासून तिथेच आहे. ओडीलची माफी मागतेय. लोकांचं तिनेही थोडं खरं मानलं होतं गं. मीही मानलं होतं." मग त्याने विचारलं, "तुला नाताळात आणायला विमानतळावर कोण यायचं, ममा की मी?"

त्या काही आठवड्यांत तिने टाच घासली नाही. पण घासत नाही ना, हे बघत मात्र चालली. आरशासमोर फार वेळ उभं राहायचं ती टाळायची. हसू यायचं नाही, त्यामुळे ते कुणाचं हा प्रश्नच नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ती मिस्सेला मागच्या बाकाजवळ उभी होती. वेदीवरून फादर आजची मिस्सा कुणाकुणासाठी आहे ती नावं वाचत होते. एक जुना सुतार, एक शाळामास्तरीण, आणि मग, "ओडील रोबिशो, अमेरिकेची. हिंटरेगर कुटुंबाकडून."

ते नाव मेलेल्या माणसांमध्ये, भर सभेत, साध्या आवाजात वाचलं गेलं आणि पुढे दुसरं नाव आलं. सेलेस्टच्या तोंडून 'ओडील' असं निघालं, जरा मोठ्यानेच. पुढच्या बाकावरून ओमाने मागे न वळता आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

सेलेस्ट जाऊन बसली. मिस्सा संपली. लोक उठून गेल्यावर ओमाने समोर बघतच विचारलं, "तुझं नाव काय म्हणालीस?"

"सांगितलंच नव्हतं. सेलेस्ट."

"लगेच गेली का गं ती, सेलेस्ट?"

हे घरी कुणाला विचारायचा धीर झाला नव्हता. सेलेस्टने मात्र पोलिसांचा कागद चोरून वाचला होता.

"नाही. वीस मिनिटं होती. ट्रकवाला खाली उतरून तिचा हात धरून बसला होता. आमच्याकडची जुनी फ्रेंच गाणी म्हणत होता म्हणे तो."

ओमाने मान हलवली. "त्याचं नाव?"

"माहीत नाही."

"घरी गेलीस की विचारून घे, आणि मला लिहून कळव," ओमा म्हणाली आणि उठण्यासाठी तिच्या खांद्याचा आधार घेतला. "त्याच्यासाठीही एक मिस्सा सांगते."