उजव्या हातातल्या बांगड्या

मी कमळ, वेसाव्याची कोळीण. अंधेरीच्या बिल्डिंगांत पापलेट-सुरमई घेऊन फिरते आणि सगळ्यांना अगं-तुगं करते. डॉक्टरीण असो नाय तर वकिलीण. जिला राग येतो तिनं बाजारात जाऊन घासाघीस करावी.

हरेश्वर माझा नवरा. एकाहत्तरच्या लढाईतला ब्लॅकआउट संपला आणि त्याच महिन्यात त्याची होडी गेली ती परत आलीच नाय. फुटक्या फळ्या मिळाल्या, माणूस नाय मिळाला. तेव्हापासून सासूनं, कृष्णाबाईनं, एकच धोशा लावला. "शिमग्याआधी बांगड्या फोड. लोकं काय म्हनतील?" तिनं स्वतः भर तरुणपणी फोडल्या होत्या, ह्याच ओट्यावर. मी म्हटलं, मी नाय फोडणार. तिनं ऐकलं नाय. दिवस ठरवला, चार म्हाताऱ्यांना सांगावा धाडला.

त्या दिवशी मी जयपूरला होते!

माझं गिऱ्हाईक पद्मजा. तिच्या महिला मंडळाची बस जयपूरला निघाली होती आणि एक जागा रिकामी होती. मी मासळीची पाटी तिच्या दारात उतरवली आणि म्हटलं, "पद्मजाबाय, ती जागा माझी." ती म्हणाली, "अगं, पण घरी काय सांगशील?" म्हटलं, "आल्यावर सांगेन."

बसमध्ये मंडळातली माणिकबाई माझ्या हातांकडे टकामका बघत होती. डाव्या हातात हिरवा चुडा, उजवा मोकळा. शेवटी विचारलंच. मी सांगितलं, "आमच्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात सोडतात. ह्या घे आणि माझा माणूस सांभाळ, असं दर्याला सांगायचं. मग तो हात जन्मभर रिकामा." माणिकबाईला भारी कौतुक वाटलं. "अय्या, किती छान!" म्हणाली. संध्याकाळी कुणीतरी तिला हरेश्वरचं सांगितलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी देवळात तिनं सगळ्या बायांना हळदीकुंकू लावलं आणि माझ्यापाशी आल्यावर करंडा मिटला.

मला असा राग आला! तिच्या हातातून करंडा घेतला, उघडला, आणि स्वतःच्या बोटानं कपाळावर हे एवढं मोठं कुंकू लावलं. माणिकबाईचं तोंड उघडं ते उघडंच. पद्मजा मात्र हळूच हसली.

मग हवामहाल. खिडक्याच खिडक्या, जाळीच्या. गाइड म्हणाला, आतून राण्यांनी रस्ता बघायचा, रस्त्यावरच्यांना त्या दिसायच्या नाहीत. मी म्हटलं, "मेल्या, बाया कोंडायला एवढा खटाटोप? आमच्या गावात चार म्हाताऱ्या फुकट करतात." सगळ्या बाया हसल्या. मला हसू आलं नाय. मी त्या खिडक्यांकडे बघत उभी राहिले आणि पहिल्यांदा मला रडू आलं. हरेश्वर परत येणार नाय, हे मला तिथे कळलं. आतून कळलं.

पुढच्या गल्लीत लाखेच्या बांगड्यांची दुकानं. निखाऱ्यावर लाख तापवून बाई तिथल्या तिथे हाताच्या मापाची बांगडी वळत होती. मी नुसती बघत होते. तिनं बघता बघता माझा उजवा हात ओढला. तिला काय ठाऊक! रिकामा दिसला, धरला.

मी हात झटकणार होते. सवयच तशी. त्या हातात बांगडी घातली तर दर्या रागावतो, माणूस परत देत नाय, हे लहानपणापासून ऐकलेलं. आणि मग मनात आलं, आता आणखी काय करणार आहे तो? मी माझा शब्द पाळला. एवढी वर्षं हात रिकामा ठेवला. त्यानं पाळला?

"घाल," मी म्हटलं. "मनगट भरून घाल."

पद्मजा धावत आली. "कमळ, अगं, त्या हातात?"

"माझ्याच बांगड्या आहेत," मी म्हटलं. "त्याच्याकडे ठेवायला दिल्या होत्या. त्यानं माझा माणूस बुडवला. मी माझ्या बांगड्या परत घेतल्या."

लाल लाखेच्या, कोमट होत्या अजून. मी आणखी एक जोड मागून घेतला, थोड्या मोठ्या मापाचा.

घरी आले तेव्हा कृष्णाबाई ओट्यावर बसली होती. शिव्या तयार ठेवल्या असणार, पण तिची नजर माझ्या दोन्ही हातांवर गेली. मग ओरडली, "हे काय केलंस? दर्याला दिलेलं परत घेतात गं?"

"त्यानं घेतलेलं परत दिलं का, आये? तुझा नवरा दिला? तुझा मुलगा दिला?"

तिचे दोन्ही हात मांडीवर पडले होते, दोन्ही रिकामे. मी तिच्याजवळ बसले, पिशवीतून दुसरा जोड काढला आणि म्हटलं, "हात दे."

"चल हट, शरम नाय तुला," ती म्हणाली.

पण हात तिनं मागे घेतला नाय.