पट्टी एजेचा शिक्का

माझं तोंड वाईट आहे, ते आधीच सांगून टाकते. बिश्केकच्या आमच्या इमारतींच्या नकाशांच्या कचेरीत तीस वर्षं मी एकच काम केलं. दुसऱ्यांचे नकाशे पट्टी लावून तपासायचे आणि चुकलेल्याला झापायचं. कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात सह्यांचा चौकोन असतो, त्याला आम्ही शिक्का म्हणतो. तो एकशे पंच्याऐंशी बाय पंचावन्न मिलिमीटरचा. जरा इकडेतिकडे झालं की कागद परत! पाठीमागे मला 'पट्टी एजे', म्हणजे पट्टीवाली ताई, म्हणतात, ठाऊक आहे मला.

त्या शुक्रवारी मात्र माझीच पाचावर धारण बसली होती. माझ्या माहेरची शाळा भूकंपात तडकली, तेव्हापासून दोन हिवाळे पोरं पत्र्याच्या डब्यांत शिकतायत. नव्या शाळेचे दोनशे सव्वीस नकाशे दुपारी बाराच्या आत पीडीएफ करून सरकारी तपासणीला चढवायचे होते. बारा टळले की गेलं पुढच्या महिन्यावर. तोवर डोंगरात जमीन गोठते, पाया घालता येत नाही. म्हणजे पोरांचा तिसरा हिवाळाही डब्यात. आणि आदल्या संध्याकाळी खांबांची जाडी बदलली, म्हणून सगळे कागद पुन्हा काढायचे!

हाताने एका कागदाला चार मिनिटं लागतात. कागदाभोवतीची चौकट धरा, रेघांची जाडी निवडा, नाव द्या. घड्याळात नऊ वाजले होते आणि चालू कॉम्प्युटर दोनच.

"एजे, माझा प्रोग्राम लावू का?" नुरिझाने विचारलं. ही आमची नकाशे काढणारी, दोन लेकरांची आई. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत काहीतरी टंकत बसायची.

"लाव बाई. नाहीतरी बुडालोच आहोत."

आमच्याकडे सगळे एकाच फायलीत, वळणीवर कपडे घालावेत तसे, कागदाला कागद लावून काढतात. हिचा प्रोग्राम त्यातली एकेक चौकट शोधून तिची पीडीएफ करत सुटला. मी बोरसोकचा तळलेला तुकडा हातात धरून बघत राहिले, खायचं भानच नव्हतं. चाळीस मिनिटांत काम संपलं.

मी मोजले. दोनशे सतरा!

"नऊ गिळले की गं तुझ्या प्रोग्रामने!"

"मी म्हणालोच होतो," मुख्य इंजिनिअर तोक्तोसून बाइके म्हणाले; बाइके म्हणजे आमच्याकडे दादा. "यंत्राच्या नादी लागून तास घालवलात. आता कुठले नऊ, ते शोधत बसा."

मी यादी लावली. नऊच्या नऊ पायाचे नकाशे. आणि ते काढले कोणी?

"बाइके, तुम्ही चौकट फोडता ना?"

"मग? तयार चौकटीत माझ्या टिपा मावत नाहीत. फोडतो आणि जरा ताणतो."

नुरिझाचा चेहरा उतरला. "एजे, फोडली की चौकट राहतच नाही, नुसत्या सुट्या रेघा उरतात. प्रोग्रामला काय कळणार?"

"मग हाताने काढा ते नऊ," बाइके म्हणाले.

"आणि उद्या पुन्हा काही बदललं की पुन्हा हाताने? ते काही नाही!" माझं डोकंच फिरलं. "नुरिझा, चौकट सोड. शिक्का शोध. चौकट हे कशीही ताणतील, पण शिक्क्याला हात लावायची या माणसाची हिंमत नाही. तीस वर्षं मी पट्टी घेऊन मागे आहे. कुठल्याही मापात काढ, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच. त्याच्या कोपऱ्यातून निघालेल्या रेघा जिथे संपतात, तिथे कागद संपला."

तिची बोटं धावायला लागली. दोनदा चुकलं. माझा जीव टांगणीला लागला होता. अकरा वाजून पाच मिनिटांनी सगळे पुन्हा काढून झाले.

दोनशे सव्वीस! पट्टी लावून पाहिले, एकही वाकडा नाही. मी तिला अशी मिठी मारली की चहाचा पेला उलटला. बाइकेंनी गुपचूप फडकं आणून टेबल पुसलं.

"एजे," ते म्हणाले, "यापुढे चौकट नाही फोडणार."

"फोडाच आता! बघू ना कोण जिंकतं!"

अकरा चाळीसला पडद्यावर उमटलं: स्वीकारलं. मी तिथूनच गावी भावाला फोन लावला. तो त्या शाळेचा हेडमास्तर.

"सुयुंचू!" मी ओरडले. आमच्याकडे चांगली बातमी देण्याआधी असं ओरडून बक्षीस मागतात. "आधी बक्षीस कबूल कर, मग बातमी."

मागून पोरांचा गलका येत होता, पत्र्यात घुमत होता. भावाला कळलं होतं.

"माग ताई, काय हवं ते माग."

"नव्या शाळेची पहिली घंटा नुरिझाच्या हातून वाजव."

"आणि तू?"

"मी पट्टी घेऊन येते," म्हटलं, आणि मग मात्र मला रडूच फुटलं.