मौनातला होकार

लॉकडाऊनमध्ये ॲडम्सटाउन या आयरिश उपनगरात कुणी पाव भाजायला शिकलं, कुणी पळायला लागलं. मृणालिनीच्या नवऱ्याला, हर्षवर्धनला, बँजो चावला. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातला हा इंजिनिअर सहा महिन्यांत 'अमेरिकन लोकसंगीताचा संग्राहक' झाला. संग्रह कसला, तर इंटरनेटवर कुणीतरी गोळा करून ठेवलेली गाणी पुन्हा गोळा करायची आणि शनिवारी सकाळी झूमवर पुण्यापासून लिमरिकपर्यंतच्या मंडळींना वाढायची. वर चौकड्यांचा शर्ट, खाली पायजमा. गाण्याआधी खाकरून घसा खरवडून घ्यायचा, कारण डोंगरातली माणसं म्हणे अशीच गातात. 'वेदना' हा शब्द तर तो उपम्याचा घास गिळता गिळता वापरी.

मृणालिनी सगळं ऐके आणि समईची वात सारखी करी. उठल्यापासून पूजा होईपर्यंत तिचं मौन असे. आजारपणात नाही, विमानात नाही, ते तिनं कधीच मोडलं नव्हतं.

शेजारच्या लोरेटाबाई मूळच्या अमेरिकेतल्या, कोळशाच्या खाणींच्या डोंगरातल्या. लग्न होऊन इकडे आल्या, आता एकट्या. श्रावणातल्या एका संध्याकाळी त्यांनी कुंपणापाशी उभं राहून एक गाणं म्हटलं. त्यांचा भाऊ खाणीत गाडला गेला, त्याचं. वर्षातून त्याच दिवशी म्हणायचं, वाद्याशिवाय म्हणायचं, असं त्यांच्या आईनं घालून दिलेलं. मृणालिनीला फोड करून सांगावं लागलं नाही. श्रावणातली कहाणी आपण भलत्या वारी सांगतो का? "आमच्या घरातून हे बाहेर जाणार नाही," तिनं शब्द दिला.

मागे कोथिंबिरीला पाणी घालणाऱ्या नवऱ्याच्या खिशात फोन चालू होता, हे तिला कुठे ठाऊक!

पंधरवड्यानं एका सकाळी ती फुलं निवडत असताना तो येऊन म्हणाला, "शनिवारी लोरेटाचं गाणं घेतोय. रेकॉर्ड केलंय मी. हरकत असेल तर आत्ताच सांग."

तिनं तळहात उभा धरला. थांब!

"ग्रँड! आशीर्वादच मिळाला," म्हणत तो गेलासुद्धा.

पूजा आटोपताच ती म्हणाली, "अहो, मी नको म्हणत होते. शब्द दिलाय मी त्यांना."

"पोस्टर गेलं गं सगळीकडे. बॉल्सब्रिजची मोठी माणसं जॉइन होणारेत. आणि लोकगीताचा कोणी मालक नसतो."

"मालक नाही म्हणून उचलायचं?"

"तुला नाही कळायचं. हे डॉक्युमेंटेशन आहे."

शनिवारी तो स्वयंपाकघरातच बसला. प्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या कपाटात, मांडलेले देव आणि समई त्याला 'बॅकग्राउंडला' हवी असे. बायकोही त्यातच आली. खिडकी उघडी होती. पलीकडे लोरेटाबाई कपडे वाळत घालत होत्या.

"एका निरक्षर खाणकामगाराच्या मुलीच्या कंठातून मी हे गाणं वाचवलंय," हर्षवर्धन कातर आवाजात म्हणाला. लोरेटाबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. "मागे आमच्या सौभाग्यवती. त्यांचं मौन म्हणजे होकार बरं का!"

पडद्यावर लोक हसले. त्यानं बँजोच्या तारा छेडल्या.

पूजा अर्धी झाली होती. देवाच्या अंगावर पाणी होतं, वस्त्र तिच्या हातात. तिनं देवाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि वस्त्र ताम्हनात ठेवून ती कॅमेऱ्यासमोर आली.

"नमस्कार. हे गाणं चोरून घेतलंय," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "ज्यांचं आहे त्यांचा ते म्हणायचा दिवस आज नाही. यांना दुसरं काही म्हणायला सांगा. यांना सगळ्याचीच वेदना होते."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पटकन म्यूट झालं. "वहिनी, हे खरं आहे?" पुण्याहून कुणी विचारलं. हर्षवर्धननं लॅपटॉपच मिटला.

"परक्या बाईपायी इतक्या वर्षांचं मौन मोडलंस! देवाला काय सांगणार आहेस आता?"

खिडकीबाहेर लोरेटाबाईंचे चिमटे दोरीवर टकटक बसत होते. त्यांना यातलं काही कळलं नव्हतं.

मृणालिनीनं ताजं पाणी घेतलं आणि पूजा पहिल्यापासून मांडली. तो अजून बोलतच होता. तिनं तळहात उभा धरला.

या वेळी त्याला तो कळला.