जुनं पुण्य धरत नाहीत

थोरलीने नांगरट सोडून दिली तेव्हा धाकट्या भावाने तिची यथेच्छ टिंगल केली होती. कापणीनंतरचं धसकट ती रानातच ठेवायची, त्यातच पेरायची, जमीन कधी उघडी पडू द्यायची नाही. धाकटा मात्र दरवर्षी आपलं धसकट पेटवायचा आणि बांधावरून विचारायचा, "ताई, शेती करतेस की कचरा साठवतेस?"

मग कार्बनवाल्या कंपनीचा साहेब आला. पांढरे बूट घालून शेतात येणाऱ्या माणसाबद्दल थोरलीचं मत पहिल्या पावलालाच ठरलं. जमिनीत कार्बन मुरवा, आम्ही तो मोजू, धूर ओकणाऱ्या कारखान्यांना त्याचं क्रेडिट विकू आणि तुम्हाला वाटा देऊ, असं त्याचं म्हणणं. तिच्या रानातली मूठभर माती हुंगून तो खूश झाला, पण तिला योजनेत घेईना.

"तुम्ही हे आधीपासूनच करता," तो म्हणाला. "आम्हाला नवा बदल लागतो. तुमचे भाऊ जाळतात. ते थांबले तर त्यांना क्रेडिट मिळेल."

"म्हणजे मीही जाळायला हवं होतं."

"नियम आहे, बाई."

"आता नांगर घातला आणि मग थांबवला तर?"

साहेबाने बूट झटकले. "तसं मी कसं सांगू?"

साधं नाही म्हणायलाही ज्याची जीभ रेटत नाही, त्याच्याशी ती पुढे बोलली नाही.

धाकट्याने सही ठोकली आणि लगेच तो पर्यावरणावर बोलू लागला. दूधकेंद्रावर, न्हाव्याकडे, जिथे दोन कान सापडतील तिथे. कंपनीला त्याचा फोटो हवा होता, ओंजळीत काळीभोर माती घेतलेला. त्याच्या रानात अजून राखच होती, म्हणून तो आणि साहेब बिनदिक्कत तिच्या रानात शिरले.

थोरली जवळ गेली. "माती खाली ठेव."

"ताई, एकच फोटो."

"तुझ्या राखेत उभा राहा. नवा बदल तिथंच व्हायचाय."

साहेब हसायला गेला आणि तिचा चेहरा पाहून त्याने फोन खिशात घातला. दोघे खाली माना घालून निघून गेले.

पुढच्या कापणीनंतर धाकट्याने धसकट जाळलं नाही, आणि पेरणी तोंडावर आली तसा तो एकटाच तिच्या दारात उभा राहिला. धसकटात पेरायचं यंत्र फक्त तिच्याकडे होतं.

"देशील?"

"भाडं पडेल."

"सख्ख्या भावाला?"

"पर्यावरण तुझं, यंत्र माझं."

त्याने भाडं कबूल केलं. तिने यंत्र दिलं, बी किती खोल सोडायचं तेही दाखवलं. त्या वर्षी शेजारून धूर आला नाही, हे तिला बरं वाटलं. धाकट्याबद्दलचं मत मात्र तिने तसूभरही बदललं नाही.